कोरियन गोष्टीतली जाऊ

त्या उन्हाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. मस्कतमधल्या एका हॉटेलच्या लिनन रूमची मी सुपरवायझर. चादरी, अभ्रे, टॉवेल लाँड्रीतून येतात, ते तपासून मजल्यामजल्यांवर पाठवायचे. सुपरवायझरने गठ्ठे उचलायचे नसतात, पण माणसं कमी असली की उचलावे लागतात, आणि माणसं कायमच कमी असतात. आधी केस विंचरताना कळ यायची. मग पाठीमागे हात जाईना. शेवटी फडताळातला डबा काढायलाही मुलीला हाक मारावी लागू लागली. डॉक्टर म्हणाले, या वयात बायकांना होतं, बरं होईल, पण वेळ लागेल. मी त्यांना काहीच विचारलं नाही. विचारायचाही कंटाळा आला होता.

रुवीतल्या एका दवाखान्यात व्यायामासाठी जायचं ठरलं. वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटपासून तो जवळ होता. नवरा शहराच्या गाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत आहे, तो संध्याकाळी गाडी घेऊन येईपर्यंत मी टॅक्सीने जाऊन यायचे. तिथली मल्याळी फिजिओथेरपिस्ट वयाने लहान पण कडक होती. भिंतीला कप्पीवरून दोन दोऱ्या टांगलेल्या होत्या. चांगल्या हाताने दोरी खाली ओढायची म्हणजे दुखरा हात वर जातो. पलीकडच्या दोरीवर एक कोरियन बाई असायची. माझ्याच वयाची, आखूड केसांची, आत आल्यावरसुद्धा टोपी न काढणारी. तिचा डावा खांदा आखडला होता. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून दोऱ्या ओढत असायचो आणि ती पोरगी मागून म्हणायची, "यल्ला, यल्ला, अजून वर."

पहिले काही आठवडे आम्ही नुसत्या हसायचो. मग एकदा गरम पिशव्या खांद्यावर घेऊन शेजारी बसलो असताना तिने मला काम काय करता म्हणून विचारलं. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, अडखळत पण पोचणारं. मी सांगितलं आणि तिला उलट विचारलं. तिचा नवरा सोहारला एका प्रकल्पावर इंजिनिअर, गुरुवारी रात्री यायचा आणि शनिवारी परत जायचा. ही मस्कतमध्ये एकटी. मुलगा तिकडे नोकरीला.

"मी लिहायचे," ती म्हणाली. "आता नाही लिहीत."

"काय लिहायचात?"

"गोष्टी. दोन पुस्तकं झाली. कुणी फार वाचली नाहीत."

माझे वडील वसईच्या आमच्या गावात मराठी शाळेत शिक्षक होते. घरात पुस्तकं होती. लग्नाआधी मीही आमच्या चर्चच्या, पॅरिशच्या मासिकात थोडंफार लिहिलं होतं. लेखिका मात्र मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, तीही खांद्यावर गरम पिशवी घेतलेली. मी तिला काय काय विचारलं. ती सावकाश, शब्द शोधत सांगायची.

ती म्हणाली, त्यांच्याकडे पूर्वी आतल्या घरातल्या बायका पद्यं रचायच्या. मुलगी सासरी निघाली की आई कागदाच्या लांब गुंडाळीवर ते लिहून बरोबर द्यायची: सासरी कसं वागायचं, पहाटे कधी उठायचं. पण मध्येच आई स्वतःचं दुःखही लिहून जायची. नंतर छापील पुस्तकं आली, बायका गोष्टी, कादंबऱ्या लिहू लागल्या, तेव्हा त्यांची पंगत वेगळी मांडली गेली. लेखक ते लेखक, आणि या बायका लेखिका. त्यांचं कौतुकसुद्धा वेगळ्या आवाजात. एखादीने प्रेमाबिमाबद्दल लिहिलं की लोक पुस्तक बाजूला ठेवून तिच्याबद्दलच बोलायचे. दोन कोरियांच्या लढाईनंतरच्या बायकांनी भुकेबद्दल लिहिलं. तिच्या आईच्या वयाच्या बायकांनी मुलं झोपल्यावर जेवणाच्या घडीच्या मेजावर लिहिलं.

"आता?" मी विचारलं.

"आता तरुण मुली खूप छान लिहितात. रागाने लिहितात. लग्न नको, मूल नको, साहेब असा वागतो, रस्त्यात असं होतं, सगळं. जगभर वाचतात त्यांना. मी मधल्या पिढीची. आम्हाला राग येत होता, पण आम्ही तो पदार्थांच्या वर्णनात लपवायचो."

मला हसू आलं. तीही हसली आणि खांदा दुखला म्हणून थांबली.

पुढच्या वेळी तिने एक पुस्तक आणलं. बऱ्याच कोरियन लेखिकांच्या गोष्टी इंग्रजीत एकत्र केलेल्या, त्यात तिची एक. ती मी शुक्रवारी दुपारी वाचली. दुपारची जेवणं झाली होती, नवरा झोपला होता, एसी घरघरत होता आणि माझ्या अंगात उठून भांडी घासायचं त्राण नव्हतं.

गोष्ट अशी. एका घरात सासरच्या वाडवडिलांच्या नावाने वर्षातून एकदा जेवण मांडायचं असतं, आपल्याकडच्या श्राद्धासारखं. दोन सुना आदल्या दिवसापासून राबतात. धाकटी जमिनीवर बसून तव्यावर माशाचे, भोपळ्याचे, मटणाचे काप पिठात आणि अंड्यात बुडवून तळत असते. पुरुष बाहेरच्या खोलीत गप्पा मारतात. नमस्कार तेच करणार, नैवेद्य तेच दाखवणार. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना या दोघींनी कधी पाहिलेलंही नाही. तळता तळता धाकटी उठते, घरातल्या सपाता घालून बाहेर पडते आणि बसस्टॉपवर जाऊन बसते. बस येतात, जातात. ती चढत नाही. शेवटी नवरा तिचे बूट हातात घेऊन शोधत येतो, तिच्या पायात घालतो आणि दोघं घरी जातात.

गोष्ट मला आवडली. पण वाचताना सारखं अडखळायला होत होतं. इंग्रजीत त्या दुसऱ्या बाईला नुसतं 'सिस्टर-इन-लॉ' म्हटलं होतं. म्हणजे कोण? नणंद की जाऊ? की भावाची बायको? नणंद असती तर एक गोष्ट, जाऊ असली तर वेगळीच. मी दवाखान्यात गेल्यावर पहिलं तेच विचारलं.

तिने टोपी काढली. पहिल्यांदाच. बोटाने मांडीवर रेघा ओढत सांगू लागली, "हा माझा नवरा. हा त्याचा भाऊ. ही भावाची बायको."

"जाऊ," मी म्हटलं.

"तुमच्याकडे शब्द आहे?"

"आहे. जाऊ वेगळी, नणंद वेगळी, वहिनी वेगळी. दीर वेगळा, मेहुणा वेगळा."

"आमच्याकडेही," ती म्हणाली. "इंग्रजी करणारी मुलगी रडकुंडीला आली होती. म्हणाली, एवढ्या सगळ्या बायकांना एकच शब्द." मग तिने दोनतीनदा म्हणून पाहिलं, "जाऊ. जाऊ." तिच्या तोंडी ते 'चाऊ'सारखं येत होतं. त्यावर ती फिजिओची पोरगी म्हणाली, बोलणं खलास करा आणि दोरीला लागा.

त्या दिवशी घरी येताना टॅक्सीत मला वाटलं, ही गोष्ट मराठीत करावी. इंग्रजीत जे सांडलं ते मराठीत पुन्हा भरता येईल. काय बळ आलं होतं कोण जाणे. आमच्या इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, तिकडे देता येईल असंही मनात होतं.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत. तिचं मराठी म्हणजे "मम्मी, मी भूक लागले" असलं. शाळेत, फोनवर, मैत्रिणींशी सगळं इंग्रजीच. पण कोरियन मालिका बघून बघून तिने ती लिपी स्वतःच शिकून घेतली होती, आणि तिला शब्दही बरेच येत. याबद्दल मी तिला बोलायचे. आता मीच तिला म्हटलं, जरा मदत कर. कोरियन बाईंनी मूळ गोष्टीची पानं दिली. शनिवारी तिघी आमच्या घरी बसू लागलो. पोरगी मूळ वाचायची, अडलं की बाईंना विचारायची, इंग्रजीत मला सांगायची आणि मी मराठीत लिहायचे. इंग्रजीत त्या कापांना 'पॅनकेक' केलं होतं. मुलगी म्हणाली, "मम्मी, नो, ते गोड नसतात." मी 'काप' लिहिलं. गोष्टीत कुणालाच नाव नव्हतं. धाकटीला सगळे तिच्या मुलाची आई म्हणून हाक मारतात. तेही मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही. मला गावी कुणी नावाने हाक मारल्याला वर्षं झाली.

कामावरून थकून यायचं आणि त्यात हे, म्हणून नवरा वैतागायचा. "खांदा दुखतो म्हणतेस आणि लिहितेस." त्याचं खोटं नव्हतं. उजव्या हाताने दोन ओळी लिहिल्या की मुंग्या यायच्या. फोनवर बोलून लिहून घ्यायचा प्रयत्न केला, तर फोन 'जाऊ' या शब्दाला 'जाऊ दे ना' समजून भलतंच लिहायचा.

शेवटी गोष्ट झाली. मी ती बाईंना मराठीत वाचून दाखवली. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांना ऐकायची होती. नवरा बूट घेऊन येतो तिथे मुलीने त्यांना खूण केली, आता शेवट आला. बाईंनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "हा शेवट माझा नाही."

मी हातातली वही खाली ठेवली.

"मासिकाच्या संपादकाने सांगितलं, वाचकाला धीर द्या. नवऱ्याला पाठवा. मी तेव्हा नवीन होते, घरात सासू आजारी होती, भांडायला वेळ नव्हता. म्हटलं, पाठवते. पुढे पुस्तकातही तेच गेलं, इंग्रजीतही तेच."

"मग खरा शेवट काय?"

त्यांनी सांगितला. धाकटी बसस्टॉपवर बराच वेळ बसते. कुणीच येत नाही. तिला थंडी वाजू लागते, म्हणून ती आपली आपण परत येते. घरात कुणी काही विचारत नाही. ती तव्याजवळ बसते. काप सगळे तळून, उलटून, टोपलीत मांडून ठेवलेले असतात. जाऊ मान वर न करता म्हणते, "मीठ कमी झालंय." इथे गोष्ट संपते.

मुलगी म्हणाली, "दॅट्स सो सॅड."  मला तो शेवट ओळखीचा वाटला, एवढंच.

मी शेवट बदलून लिहिला आणि अंकासाठी पाठवला. अंकाचं काम बघणाऱ्या काकांचा फोन आला. गृहस्थ चांगले, निवृत्तीला आलेले, सगळं हौसेने करणारे.

"ताई, भाषा फार छान. पण शेवट फारच कोरडा हो. दिवाळीचा अंक आहे. निदान नवऱ्याने 'कुठे होतीस' एवढं तरी विचारावं."

"पुस्तकात तसाच शेवट आहे काका, नवरा येतो तो. पण लेखिकेचा खरा शेवट हा आहे."

"मग पुस्तकातलाच द्या की! छापलेला आहे म्हणजे अधिकृतच झाला ना?"

मी म्हटलं, बघते. खरं सांगायचं तर मी हो म्हणायच्या बेतात होते. हॉटेलात सीझन सुरू होत होता, गठ्ठे वाढले होते. एका गोष्टीच्या शेवटासाठी कोण वाद घालणार? दोरी ओढता ओढता मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. मी एकदा हो म्हटलेलं आहे, मी तुम्हाला काय सांगणार?" चिडून म्हणाल्या नाहीत. दमून म्हणाल्या. त्यानंतर मात्र माझ्याने हो म्हणवेना. मी काकांना कळवलं, राहू द्या, मी गोष्ट मागे घेते. ते म्हणाले, पुढच्या वर्षी काहीतरी हलकंफुलकं द्या. मी बरं म्हटलं.

म्हणजे एवढं करून गोष्ट कुठेच छापली गेली नाही. बाई डिसेंबरात कोरियाला परत गेल्या. नवऱ्याचं इथलं काम संपलं होतं. जाताना त्यांचा हात पूर्ण वर जात होता, माझा अजून कानापर्यंतच. शेवटच्या दिवशी मुलीला घेऊन आम्ही दवाखान्याखालच्या हॉटेलात करक, म्हणजे वेलदोड्याचा दाट चहा प्यायलो.  मुलीला त्या कोरियन भाषेत काहीतरी म्हणाल्या, ती लाजली, मला मात्र दोघींनी सांगितलं नाही.

माझी स्वतःची जाऊ वसईला असते. मी थोरली, ती धाकटी, मला वहिनी म्हणते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं सगळं तीच बघते. मी इकडे, बावीस वर्षं. आमच्यात भांडण नाही, पण बोलणं म्हणजे सणाला फोन, आईंची तब्येत, पाऊस, पाणी. ती कधी तक्रार करत नाही, आणि तिने तक्रार केली नाही की मला जास्त जड वाटतं.

जानेवारीत एकदा जेवणाच्या सुट्टीत मी लिनन रूममध्ये एकटीच होते. चादरींच्या थप्प्यांमध्ये आवाज घुमत नाही. मी फोनवर सगळी गोष्ट वाचून रेकॉर्ड केली आणि जावेला पाठवून दिली. तिला वाचायला वेळ नसतो, पण काम करताना ती फोनवर काहीबाही ऐकत असते. पाठवल्यावर लगेच वाटलं, काय हा आगाऊपणा. तिला वाटेल, वहिनी तिकडे बसून मला गोष्टी सांगते.

दोन दिवस काही उत्तर नाही. मग तिचाही रेकॉर्ड केलेला आवाज आला. मागे कुकरची शिटी.

"वहिनी, ऐकली गं. काल परत ऐकली. ती मिठाचं बोलते ना, ती जाऊ. ती वाईट नाही हां. तिने काप उलटले ना? टोपलीत लावून ठेवले, एक जळू दिला नाही. म्हणजे ही गेलेली तिला कळलं होतं. कुणाला सांगितलं नाही तिने. हिला ओरडा बसला असता. दोघींचं काम एकटीने केलं. आणि मग बोलायला काही सुचलं नाही, म्हणून मीठ." मागे कुकर बंद केल्याचा आवाज. "कधी येतेस तू?"

मी ते किती वेळा ऐकलं असेल! गोष्ट मी ओळ न् ओळ उलगडून लिहिली होती, तरी मला ती जाऊ निर्दयच वाटत आली होती. मी बाईंना कोरियात इंग्रजीतून कळवलं. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: 'असेल तसं. मी लिहिलं तेव्हा माझा तिच्यावर राग होता. माझी खरी जाऊ गेल्या वर्षी वारली. आता विचारता येणार नाही.'

त्यानंतर मी रजेचा अर्ज केला. रमजानात हॉटेलात पाहुणे कमी असतात, तेव्हा मिळाली. नवरा आणि मुलगी इथेच राहिले. मी वसईला पोचले तेव्हा जावेने बॅग भरून ठेवली होती. ती नाशिकला बहिणीकडे जाणार होती. दीर तिला सोडायला गाडी काढत होते. तिने मला औषधं दाखवली, आईंना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मला हे जमायला हवं होतं, चादरी हाताळण्यातच माझी इतकी वर्षं गेली, पण आई माझ्या हाताला घाबरत होत्या.

"थोरली आली आहे, आई," जाऊ त्यांच्या कानाशी म्हणाली. "मी जरा जाऊन येते."

आईंनी तिचा पदर धरला. तिने एकेक बोट सोडवलं, हळू. माझ्याकडे बघितलं नाही.

ते दिवस मला जड गेले. आईंनी पहिल्या दिवशी माझ्या हातचं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी पेज प्यायल्या. मी थकून त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवरच पडायचे आणि छताकडे बघत विचार करायचे, मी जे तीन दिवस करतेय ते ती किती वर्षं करतेय. फोनवर मी तिला कधी "दमलीस का?" विचारलं होतं का, आठवेना. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती.

दोन आठवडे राहते म्हणून गेलेली जाऊ पाचव्या दिवशीच परत आली. दुपारची वेळ होती. रिक्षातून उतरली, बॅग ओट्यावर ठेवली.

"अगं, एवढ्यात?" मी म्हटलं.

"झोपच येत नव्हती तिकडे. बहिणीची सून पण घरात नव्हती, मग तिथेही मीच भाकऱ्या करत होते."

मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. ती आत गेली, आईंना बघितलं, हात धुतला. मी ताट वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. ती खाली बसून जेवू लागली आणि मी समोर बसले.  मग ती म्हणाली, "तुझी रजा किती उरलीय?"

"नऊ दिवस."

"मग मी उद्यापासून सकाळी उशिरा उठते," ती म्हणाली. "आईंची सकाळ तू कर. संध्याकाळ मी करते. दुपारी दोघी झोपू."

तसंच केलं. सकाळी तिचं दार बंद असायचं, आणि मी आवाज न करता चहा ठेवायचे. आई तोवर मला हात लावू देऊ लागल्या होत्या.